रिकाम्या खाटेवरचा श्वास

“हात लाव त्याला, मंग बघ.”

“आई, मी फक्त वायर काढतेय. यंत्र बंद नाही करत.”

“वायर काय नि यंत्र काय. कायपन काढायचा नाय.”

“अहो, हे मीच बनवलंय.”

“बनवलंस ना? झाला तुजा काम. आथा लांब बस.”

दिपिका लांब बसली नाही. खाटेच्या पायथ्याशी गुडघे टेकून ती तशीच थांबली. समोर, भिंतीला पाठ लावून, तिची सासू सुशीला. दोघींच्या मधे खाट. खाटेवर ताणून घातलेली चादर, एक उशी, आणि कोणी नाही.

गंगाराम भोईर, सुशीलाचा नवरा, जाऊन आठवडा झाला होता. खाडीच्या काठावर त्याला अग्नी दिला, राख खाडीत सोडली. उशाकडच्या जमिनीवर पणती जळत होती आणि तिच्या शेजारी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली उपडी घातली होती. बाराव्याला ती टोपली उचलायची आणि पिठावर कोणाची पावलं उमटली ते बघायचं, ही त्या घरातली जुनी रीत. इथवर सगळं जसं असतं तसं होतं.

पण खिडकीच्या फळीवर डब्याएवढं एक पांढरं यंत्र होतं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर हिरवी रेघ चालत होती. वर चढायची, क्षणभर टेकायची, खाली यायची. मग थोडी वाट बघायची. पुन्हा वर.

झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

“राहू दे ना, दिपा,” दारातून अनुज म्हणाला. दिपिकाचा नवरा. डोकं ताजं भादरलेलं, त्यामुळे चेहरा अनोळखी मुलासारखा दिसत होता. आठवडाभर तो या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता. “बाराव्यापर्यंत राहू दे. मग बघू.”

“उद्या सोमवारी टेम्पो निघतोय अनुज. याच यंत्रांच्या पेट्याच्या पेट्या. सगळ्या वृद्धाश्रमात चालल्यात.”

“मग? त्या काय माझ्या बापाच्या खाटेला बांधल्यात?”

“हे चुकतंय म्हणजे तेही चुकणार.”

“चुकतंय?” सुशीला म्हणाली. आवाज एकदम खाली आला. “कोन चुकतंय? ते?”

यंत्राची कल्पना साधी होती. गादीखाली एक पातळ पट्टी सरकवायची. माणूस श्वास घेतो, छाती हलते, पट्टीला कळतं, वायरीतून यंत्राला कळतं. श्वास थांबला तर यंत्र ओरडतं. दिपिकाच्या मनात आलं होतं की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकनं फरशी हलत असेल, पंख्यानं खाट हलत असेल, आणि पट्टीला तोच श्वास वाटत असेल. म्हणून पट्टीची वायर काढायची होती. काढली की रेघ सपाट होणार. मग सासूला समजावता येणार.

सुशीलानं पणतीत तेल घालायला मान वळवली तेवढ्यात दिपिकानं हात लांब करून यंत्राच्या मागची पिन उपसली.

रेघ वर चढली. टेकली. खाली आली.

तिच्या हातात सुटी वायर लोंबत होती. पट्टीचा आणि यंत्राचा आता काही संबंध उरला नव्हता. रेघ थोडी थांबली, जणू कोणी अंथरुणात कूस बदलली, आणि पुन्हा वर चढली.

सुशीला ओरडली नाही. तिनं फक्त तेलाची बुधली खाली ठेवली.

“बघलंस?” ती म्हणाली. “वायरीत नाय ते.”

*

दिपिका माहेरची घरत. नायगावच्या खाडीकडचीच. तिचे वडील, शत्रुघ्न घरत, मिठागरावर होते. मुलगी विरारला जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते याचा त्यांना अभिमान होता, आणि ती नेमकं काय करते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. “टीवी रिपेर करते,” ते लोकांना सांगायचे.

ती वालीवच्या एका गाळ्यात लेआउट करत होती. म्हणजे सर्किटचा नकाशा दुसरा कोणी काढतो आणि तो हिरव्या पाटीवर तांब्यात कसा बसवायचा, कुठली रेघ कुठून न्यायची, ते दिपिका ठरवते. पहिली काही वर्षं तिला वाटायचं, हे काम म्हणजे रस्ते आखणं. इथून निघालं, तिथं पोचलं, झालं.

मग पाट्या वेगवान व्हायला लागल्या, आणि तिच्या रेघा विचित्र वागू लागल्या. एक पाटी टेबलावर चालायची आणि डब्यात घातली की मरायची. एक पाटी कोणी ठरावीक जागी बोट टेकवलं तरच चालायची; बोट उचललं की मेली, टेकवलं की जिवंत. गाळ्यातली पोरं तिला ‘मांत्रिकाची पाटी’ म्हणायची आणि हसायची. दिपिकाला हसू यायचं नाही. एकदा तिनं अशा वायरीवर स्कोप, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला जिच्यावर काहीच चाललेलं नसणार होतं. मुकी वायर. तिथं तिला शेजारच्या वायरीचं बोलणं दिसलं. पुसट, पण शब्दन् शब्द तोच.

गाळ्याचे मालक कल्पेश म्हणाले, “हे आपल्याला नाही कळणार. पापडीला एक बाई आहेत. फ्लॉसी डाबरे. बंगळुरूला आयुष्य गेलं त्यांचं याच्यात. जाऊन भेट.”

तेव्हापासून रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की फ्लॉसी मॅडम ओट्यावर खुर्च्या टाकायच्या आणि दिपिका शिकायला जायची. मॅडम साठीच्या, केस आखूड कापलेले, जिभेला धार.

“बोलते ती वायर आक्रमक,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “आणि गप्प असते, जिच्यावर शेजारणीचं बोलणं उमटतं, ती बळी.”

“बळीच म्हणतात?”

“इंग्रजीत पण तेच म्हणतात, बाय. इंजिनिअर लोकांना वाटतं आपण फार कोरडे. आणि नावं ठेवतात ती अशी.”

दुसऱ्या रविवारी शिकवलं की वेगवान सिग्नल वायरीच्या टोकाला पोचला आणि तिथं त्याला नीट कोणी घेतलं नाही, तर तो माघारी फिरतो. निघाला होता तिथंच परत येतो आणि मागून येणाऱ्याला धडकतो. तिसऱ्या रविवारी शिकवलं ते दिपिकाच्या डोक्यात कायमचं बसलं.

“करंट निघाला की परत येतोच. जेवढा गेला तेवढा. परत न येणारा करंट नसतो. तू वरच्या रेघा काढतेस आणि खूश होतेस. मी विचारते, त्याची परतीची वाट कुठाय? ती खाली असते. पाटीच्या खालच्या थरात तांब्याचं अख्खं पटांगण असतं, त्याला आपण ग्राउंड म्हणतो. सिग्नल वरून जातो आणि त्याची सावली खालून परत येते. बरोबर त्याच्याच पावलांखालून.”

त्या रविवारी घरी येताना दिपिकानं स्वतःच्या पावलांकडे बघितलं होतं, असं तिनंच नंतर मॅडमना सांगितलं.

*

“सुतकात आलीस?” फ्लॉसी मॅडम म्हणाल्या. “ये ये. आमच्याकडे चालतं.”

दिपिकानं सगळं सांगितलं. रिकामी खाट, सुटी वायर, चालणारी रेघ. मॅडम केळीच्या वाडीकडे बघत ऐकत होत्या. वाडीत वारा नव्हता. पानं लटकून राहिली होती.

“सासू काय म्हणते?”

“म्हणते, ते आहेत. शेजारणी यायच्या बंद झाल्या. आधी आल्या, तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या, गेल्या. आता फाटकातूनच हाका मारतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

दिपिका म्हणाली, “मॅडम, तो त्यांच्यासारखाच श्वास आहे. ते वर घेऊन थोडं थांबायचे. ही पण थांबते.”

“सगळेच थांबतात. पाटी दाखव.”

दिपिकानं लॅपटॉप उघडला. मॅडमनी चष्मा नाकावर ओढला आणि नकाशाचा खालचा थर पुढे घेतला. तांब्याचं सलग पटांगण. त्यात एका बाजूला पट्टीचा नाजूक सिग्नल ऐकणारा भाग, दुसऱ्या बाजूला प्रोसेसर आणि वायफायचा रेडिओ. मधोमध, वरपासून जवळजवळ खालपर्यंत, तांबं कापून काढलेली एक फट.

“हे काय आहे?”

“बांध.”

“काय?”

“बांध, मॅडम. म्हणजे… या बाजूला गोडं, त्या बाजूला खारं. खारं इकडे शिरू नये म्हणून.”

“हे तुला मी शिकवलं?”

“नाही.”

“मग कोणी?”

दिपिकाला ओटीवरची एक दुपार आठवली.

लकवा मारल्यानंतर गंगाराम दुपारभर ओटीवर टेकून बसायचा. डाव्या हातात जीव होता, बोलणं जड पण समजायचं. सगळं आयुष्य त्यानं खाडीचा बांध राखला होता. भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू द्यायचं नाही, कुठं खेकड्यानं भोक पाडलं की चिखल लिंपायचा. पुढं शेतं गेली, इमारती आल्या, बांधावरून रस्ता झाला. सून घरून काम करत असली की तो तिच्या पडद्याकडे बघत राहायचा. हिरवी पाटी, तिच्यावरचे पट्टे, चौकोन.

“शेत हाय कं?” त्यानं एकदा विचारलं.

“तसंच समजा, बाबा. या कोपऱ्यात अगदी हळू आवाज येतो, तो ऐकायचाय. आणि इकडे सगळा गोंगाट. गोंगाट त्या कोपऱ्यात जायला नको.”

“मंग बांध कुठं हाय?”

ती हसली होती. त्यानं डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं आणि वरून खाली ओढलं. “हितं घाल. नायतर खारा पानी शिरल.” तिनं त्याच्या बोटाच्या मागोमाग तांबं कापलं. गाळ्यातल्या चाचणीत पाटी चांगली चालली. कल्पेशनी पाठ थोपटली. खाडीकडच्या माणसाला बांध घातला की बरं वाटतं, त्यात तिनं पुन्हा डोकं घातलं नाही.

“सासऱ्यांनी,” ती आता म्हणाली.

फ्लॉसी मॅडमना हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं. “गेलेल्या सासऱ्यांनी?”

“तेव्हा होते.”

“बाय, भरतीचं पाणी चुकून बांधाच्या आत आलं तर ओहोटीला बाहेर कसं जातं?”

“उघाडीतून. बांधात दार ठेवतात.”

“दार नसेल तर?”

“मग मिळेल तिथून. कोणाच्या पण शेतातून फिरत फिरत.”

“हां.” मॅडमनी बोट फटीवरून फिरवलं. “आता तुझा रेडिओ काय करतो बघ. दर थोड्या सेकंदांनी तो वायफायवर बातमी पाठवतो, ‘सगळं ठीक आहे’ म्हणून. त्या क्षणी त्याला एकदम खूप करंट लागतो. आपल्या वाडीचं बघ, झाडाला पाणी धरणातून येतं का? वाडीतल्या बावखलातून येतं, जवळच्या खड्ड्यातून. तसे चिपच्या पायाशी कपॅसिटर लागतात, पाण्याची छोटी तळी. तू ती ठेवलीस कुठं? इथं? एवढ्या लांब? म्हणजे रेडिओनं घोट घेतला की अख्ख्या पाटीचं पाणी खाली जातं. आणि हा घोट परत जाणार कसा? सरळ वाटेत बांध. मग तो वळसा घालतो. कुठून?”

दिपिकानं बघितलं. फट खाली जिथं संपत होती तिथून वाट वळून नाजूक भागाच्या बरोबर खालून जात होती.

“ऐकणाऱ्याच्या अंगणातून,” ती म्हणाली.

“खाटेवर माणूस असला तर काही बिघडत नाही. माणसाचा श्वास मोठा असतो, त्याखाली हे झाकून जातं. पण खाट रिकामी झाली की तुझं यंत्र काय करतं?”

“आवाज वाढवतं. सिग्नल बारीक झाला की ते आपोआप कान मोठे करतं.”

“आणि रिकाम्या घरात भांडं वाजलं तरी कोणीतरी आलंय असं वाटतं. गाळ्यात रिकाम्या खाटेची चाचणी केली होती?”

“केली होती. सपाट रेघ.”

“राऊटर कुठं होता?”

“तिथंच. हाताच्या अंतरावर.”

“आणि घरी?”

“वरच्या मजल्यावर.”

“म्हणजे गाळ्यात राऊटर जवळ म्हणून रेडिओ कुजबुजत होता आणि तुझ्या घरात लांब म्हणून ओरडतोय. तुझे सासरे नाहीत ते, बाय. वायफाय आहे.” मॅडमनी चष्मा काढला. “राऊटर बंद करू नकोस, मग रेडिओ त्याला वेड्यासारखा शोधत सुटेल. यंत्रातला रेडिओच बंद कर. श्वास थांबला तर मी म्हणते ते खरं.”

“आणि नाही थांबला तर?”

“तर मला फोन करू नकोस. फादरना कर.”

दोघी हसल्या. हसता हसता दिपिका थांबली. श्वास थांबला तर यंत्र ओरडतं. त्यासाठीच ते बनवलं होतं. आणि गंगाराम गेला त्या दिवशी ते ओरडलं नव्हतं. सगळ्यांनी म्हटलं, झोपेत गेले, सुटले, कोणाला कळलंही नाही. तिनंही म्हटलं होतं.

फ्लॉसी मॅडम तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी फक्त लॅपटॉप मिटला आणि तिच्याकडे सरकवला.

रिक्षात बसल्या बसल्या दिपिकानं कल्पेशना फोन लावला.

“सर, टेम्पो थांबवा.”

“कशावर थांबवू? वृद्धाश्रमवाल्यांनी खाटा मांडून ठेवल्यात.”

“माणूस गेला तरी श्वास दाखवतंय ते.”

“भुताटकी वगैरे बोलू नकोस हां दिपिका.”

“चूक माझी आहे. लेआउटमधली.”

“सगळे पीस सील करून पेट्यांत गेलेत. उघडं एकच आहे, तुझ्या घरातलं. ते उद्या सकाळी टेबलावर आणून ठेव, मला डोळ्यांनी दाखव, मी स्वतः टेम्पो रिकामा करतो. पीस आण. नुसत्या बोलण्यावर नाही.”

*

दुपार कलत होती. खाडीला ओहोटी लागली होती आणि मागच्या चिखलाचा वास घरात येत होता. अनुज ओटीवर, पाठ खोलीकडे करून. “बोललीस मॅडमशी?” त्यानं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत म्हणाला, “मी नाही येत आत.”

सुशीला तिथंच होती. तिनं उशी बदलली होती. धुतलेला अभ्रा.

दिपिका आत जाऊन जमिनीवर बसली.

“आई, मी आज न विचारता काही करणार नाही. सकाळी केलं, चुकलं.”

“मंग काय इचारायला आलीस?”

“याच्या मागं एक छोटं बटण आहे. हे यंत्र वरच्या मजल्यावरच्या वायफायशी बोलतं ना, ते बोलणं त्यानं बंद होतं. बाकी सगळं चालू राहतं. तेवढं बटण दाबू?”

“नि दाबल्यावर?”

“ते… बघू.”

सुशीला बराच वेळ रेघेकडे बघत होती. तिचे ओठ रेघेबरोबर किंचित उघडत होते आणि मिटत होते. हे तिला कळत नव्हतं. दिपिकाला दिसलं, आणि तिनं नजर दुसरीकडे नेली.

“तूच दाब,” शेवटी सुशीला म्हणाली. “मी नाय.”

दिपिकानं बटण दाबलं.

रेघ वर चढत होती ती अर्ध्यातच रेंगाळली. खाली आली. पुन्हा उठायचा प्रयत्न केला, थरथरली. मग सपाट झाली आणि सपाटच पुढं पुढं जात राहिली. खोलीत पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

मग यंत्र ओरडलं.

तीक्ष्ण, एकसुरी, अंगावर येणारा आवाज. त्या घरात तो पहिल्यांदाच वाजत होता. अनुज ओटीवरून उठून धावत आला आणि उंबऱ्यावर अडकला. “काय झालं? बाबा…” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. सुशीलानं दोन्ही कान दाबून धरले होते.

“बंद कर! बंद कर तो! चालू कर त्याना!”

दिपिकानं पुन्हा बटण दाबलं. आवाज थांबला. रेघ थोडी चाचपडली, मग वर चढली. टेकली. खाली आली.

सुशीलाचे हात कानांवरून खाली आले. अनुज केव्हाच पुन्हा ओटीवर गेला होता.

“पुन्यांदा कर,” सुशीला म्हणाली.

“आई…”

“पुन्यांदा कर सांगतंय.”

दिपिकानं केलं. सपाट. आवाज. चालू. श्वास. तिसऱ्यांदा सुशीलानं स्वतःचं बोट बटणावर ठेवलं. दाबलं, आणि या वेळी कान झाकले नाहीत. आवाज वाजत असताना ती खाटेकडे बघत होती. मग तिनं पुन्हा बटण दाबलं आणि श्वास परत आला.

“म्हंजे बटन हाय,” ती म्हणाली.

“हो. तो रेडिओचा आवाज आहे. पाटीवर मी एक बांध घातला होता, त्याच्यामुळं तो वाट चुकून भलतीकडून फिरतो, आणि यंत्राला ते श्वासासारखं वाटतं.”

“बांध त्यानी सांगितला व्हता. मी बसलेली तवा इथं.”

“त्यांचं काही चुकलं नाही, आई. पाण्याला तो बरोबरच होता. मला कळायला पाहिजे होतं.”

सुशीलानं मान हलवली. ती दुसरंच काहीतरी जुळवत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

“मंग हा मानूस असल तरी चालतो नि नसल तरी चालतो.”

“माणूस असला की माणसाचा दाखवतो. नसला की हा.”

“कवापासून?”

“कधीपासून म्हणजे?”

“मानूस गेला की लगेच? की थांबून?”

“लगेच,” दिपिका म्हणाली. “मधे सपाट होतच नाही. म्हणून तर तो वाजला नाही.”

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. सुशीलानं पणतीची वात बोटानं पुढं सारली, बोट पदराला पुसलं, आणि ती अगदी साध्या आवाजात, कालच्या बाजाराची हकीकत सांगावी तशी बोलू लागली.

“त्या दिसा मी पेज घेऊन आलेली. तुमी दोगं कामाला. हाक मारली, बोलले नाय. पायाला हात लावला त गार. मना भ्या वाटला. बोंब मारनार व्हती. मंग हिच्याकडं बघला.” तिनं यंत्राकडे मान केली. “चालत व्हती. चांगली चालत व्हती. मना वाटला, झोप लागली, पाय उघडे राहिले म्हनून गार. पाय झाकले. डोका मांडीवर घेतला नि चमच्या चमच्यानं भरवत बसली. तोंडातून भायेर यायची. लकव्यापासून तसाच व्हायचा ना, थोडी भायेर यायची. मी पुसायची, परत द्यायची. त्यांच्याशी बोलत व्हती. वाटी संपवली.”

दिपिकाचा हात यंत्रावर होता. तो तिथंच राहिला.

सुशीला उठली. तिनं भिंतीतला प्लग स्वतः उपसला. पडदा काळा झाला. तिनं वायर कोपराभोवती नीट गुंडाळली, धुण्याच्या दोऱ्या गुंडाळतात तशी, यंत्र पदरानं पुसलं आणि दिपिकाच्या मांडीवर ठेवलं.

“ने. दुसऱ्यांच्या घरी असा नको जायाला.”

“आई, मी…”

“नको. तू शिकलेली हायस, तुला ठाव हाय कसा होतो ते. मना येवडाच सांग.” ती रिकाम्या खाटेच्या कडेवर बसली, आठवड्यात पहिल्यांदा. चादरीला सुरकुती पडली. “मी पेज कोनाला भरवली?”

दिपिकानं यंत्र छातीशी धरलं आणि ती उभी राहिली.

“दिपे. इचारतंय मी.”

ती दारातून बाहेर आली. ओटीवर अनुज होता, त्यानं वर बघितलं, तिच्या हातातलं यंत्र बघितलं. चपला घालायला ती थांबली नाही. अंगण ओलांडून, फाटक ढकलून ती रस्त्यावर आली आणि वालीवच्या दिशेनं चालू लागली.